दूरचित्रवाणीवरील हवामानवृत्त व झाडीपट्टींतील शेतकरी

चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील मोठ्या गांवांतून अलीकडे भिंतीस टांगावयाचे रुंद व पातळ दूरचित्रवाणी-संच बरेच दिसूं लागले आहेत. ते विकतांना दुकानदार 'एच-डी' हा शब्द आवर्जून उच्चारतो. आमच्या सभासदांपैकीं कित्येकांनीं आम्हांस असें विचारलें आहे कीं, चित्र जर इतकें स्पष्ट झालें, तर त्यावर दिसणारें हवामानाचें भाकितही आपल्या तालुक्यापुरतें स्पष्ट होईल काय? होणार असेल, तर तशी मागणी मंडळानें दूरदर्शनकडे कां करूं नये? प्रश्न रास्त आहे. पण त्याचें उत्तर एका शब्दांत देतां येत नाहीं. चित्राची स्पष्टता ही एक गोष्ट आहे व भाकिताची स्पष्टता ही अगदीं निराळी गोष्ट आहे. या दोहोंची गल्लत झाल्यास शेतकऱ्याचे पैसे नको त्या ठिकाणीं जातील, आणि मागणी करावयाची ती दुसरीच केली जाईल. म्हणून या विषयाचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम चित्राकडे वळूं. दूरचित्रवाणीचें चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांनीं भरलेलें एक जाळें होय. आपल्या देशांत पुष्कळ वर्षें जी पद्धति चालू होती, तींत चित्राच्या ६२५ रेघा असत व त्यांपैकीं ५७६ प्रत्यक्ष दृष्टीस पडत. आजच्या अंकीय पद्धतीच्या भाषेंत तें ७२० गुणिलें ५७६, म्हणजे ४ लक्ष १४ हजार ७२० ठिपक्यांचें चित्र झालें. उच्च स्पष्टतेच्या चित्रांत आडवे १,९२० व उभे १,०८० ठिपके असतात. त्यांचा गुणाकार २० लक्ष ७३ हजार ६०० येतो. म्हणजे नवें चित्र जुन्याच्या बरोबर पांचपट भरीव आहे. २०१० सालीं दिल्लीस राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा झाल्या, त्या वेळीं दूरदर्शननें या पद्धतीनें प्रक्षेपण केलें व तेव्हांपासून ती आपल्याकडे हळूहळू रूढ होत गेली. येथें खरेदी करणारांस एक इशारा देऊन ठेवतों. संच एच-डी असला म्हणजे चित्र एच-डी होत नाहीं. वाहिनी त्या प्रतीची हवी आणि डिशचा डबाही त्या प्रतीचा हवा. सरकारी मोफत डिशवरील बहुतेक वाहिन्या अद्याप साध्या स्पष्टतेच्या आहेत. मोठ्या संचावर त्या ताणून दाखविल्या जातात, इतकेंच.

आतां हें चित्र हवामानाच्या नकाशास लावून पाहूं. भारताची दक्षिणोत्तर लांबी सुमारें ३,२०० किलोमीटर आहे. सबंध देशाचा नकाशा पडद्यावर उभा केला, तर जुन्या पद्धतींत एका रेघेच्या वांट्यास सुमारें साडेपांच किलोमीटर येतात, आणि नव्या पद्धतींत सुमारें तीन. गडचिरोली जिल्हा दक्षिणोत्तर सुमारें २३५ किलोमीटर पसरला आहे. म्हणजे देशाच्या नकाशांत त्याला जुन्या संचावर चाळीस-बेचाळीस रेघा मिळत, नव्यावर ऐंशीच्या आंत मिळतात. कोरचीपासून सिरोंच्यापर्यंतचा सगळा मुलूख एवढ्या रेघांत बसवावयाचा! निवेदकाच्या हाताचा अंगठा एवढ्या जागेस पुरेसा झांकतो. उलट, देशाचा नकाशा बाजूस ठेवून केवळ या दोन जिल्ह्यांचाच नकाशा पडदाभर दाखविला, तर जुन्या संचावरसुद्धां एका रेघेस अर्धा किलोमीटरही येत नाहीं. नव्या स्पष्टतेनें दाखविलेल्या देशाच्या नकाशाहून तो जुना नकाशा सातपट बारीक झाला. यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल कीं, आपल्या उपयोगाच्या दृष्टीनें संच बदलण्यापेक्षां नकाशा जवळ आणणें हें अधिक महत्त्वाचें आहे, आणि त्यास पडद्यावरील तीन-चार मिनिटांच्या वेळेखेरीज फारसा खर्च नाहीं.

तथापि नकाशा कितीही जवळ आणला, तरी त्यांत भरावयाची माहिती कोठून यावयाची? ती मुख्यतः उपग्रहांवरून, रडारवरून, जमिनीवरील पर्जन्यमापकांवरून आणि या सर्वांचा हिशेब करणाऱ्या मोठ्या संगणकांवरून येते. इन्सॅट मालिकेंतील ३-डी हा हवामानाचा उपग्रह २०१३ सालीं, ३-डी-आर २०१६ सालीं व ३-डी-एस २०२४ च्या फेब्रुवारींत सोडण्यांत आला. दिवसा सूर्यप्रकाशांत हे उपग्रह एक किलोमीटरपर्यंतचा बारकावा टिपतात. रात्रीं ढगांच्या उष्णतेवरून जें चित्र निघतें त्याचा बारकावा चार किलोमीटर असतो. पण उपग्रहास ढगाचा माथा दिसतो. त्याच्या पोटाखालीं पाऊस पडत आहे कीं नुसतें आभाळ दाटलें आहे, हें त्या चित्रावरून खात्रीनें सांगतां येत नाहीं. पांढरा ढग आपल्या तालुक्यावर पाहून ज्यांनीं फवारणी थांबविली व पुढें चार दिवस थेंबही पडला नाहीं, अशांचा अनुभव वाचकांस नवा नाहीं.

पाऊस प्रत्यक्ष पाहणारें यंत्र म्हणजे रडार. आपणांस जवळचें असें हवामानखात्याचें डॉप्लर रडार नागपुरास आहे. नागपुराहून गडचिरोली शहर सरळ रेषेंत सुमारें १४५ किलोमीटर भरतें आणि सिरोंचा सुमारें २७० किलोमीटर. रडारचा किरण सरळ जातो व पृथ्वी मात्र गोल आहे; त्यामुळें जसजसें दूर जावें तसतसा किरण जमिनीपासून वर वर उचलला जातो. किरण क्षितिजापासून अर्धा अंश वर रोखलेला असतां तो गडचिरोलीवर सुमारें अडीच किलोमीटर उंचीवरून जातो, आणि सिरोंच्यापर्यंत पोंचेतों सहा किलोमीटरांच्याही वर गेलेला असतो. त्याच्या खालीं जी झड लागली असेल ती यंत्रास दिसावयाची नाहीं. सिरोंच्यास हैदराबादचें रडार किंचित् जवळ आहे. पण तेंही सव्वादोनशें किलोमीटरांवर. भामरागड, एटापल्ली, अहेरी, सिरोंचा या तालुक्यांत पाऊस आपल्या दोन्ही जिल्ह्यांच्या उत्तरेकडील भागापेक्षां कांहीं कमी पडत नाहीं. पण आभाळावरचा पहारा तेथेंच विरळ आहे. ही उणीव पडद्यावर कितीही ठिपके वाढविले तरी भरून येणार नाहीं.

राहिला संगणक. हवामानाचें भाकित करणारे शास्त्रज्ञ पृथ्वीवरील वातावरणाचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनांत वारा, उष्णता, दाब व बाष्प यांचा हिशेब पुढें पुढें चालवितात. कांहीं वर्षें आपल्या देशांत या चौकोनाची बाजू सुमारें बारा किलोमीटर होती. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें सहा किलोमीटरांची नवी प्रणाली तयार केली व ती २६ मे २०२५ रोजीं देशास अर्पण करण्यांत आली. गडचिरोली जिल्ह्याचें क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आहे. जुन्या हिशेबानें त्याचे सुमारें शंभर चौकोन होत. नव्यानें सुमारें चारशें होतात. ही प्रगति खरी व मोठी आहे. परंतु चारशें आंकडे वीस लक्ष ठिपक्यांच्या पडद्यावर पसरविले म्हणजे एक एक आंकडा पांच हजारांहून अधिक ठिपक्यांस पुरवावा लागतो. रंगांच्या कडा गुळगुळीत करून, ढग हलते दाखवून चित्र मनोहर करतां येतें. पाहणारास वाटतें कीं आपल्या बांधीवरून जाणारी निळ्या रंगाची कड ही प्रत्यक्ष मोजलेली आहे! ती चित्रकाराच्या कुंचल्याची असते. स्पष्ट चित्र पाहून मनुष्य त्यावर अधिक विश्वास ठेवतो, हा या नव्या साधनाचा एक सूक्ष्म धोका आहे व तो आम्ही मुद्दाम सांगून ठेवतों.

दूरचित्रवाणीवर हवामान दाखविण्याची चाल मूळची विलायतेची. बी.बी.सी.नें १९३६ च्या नोव्हेंबरांत पडद्यावर पहिला हवामानाचा नकाशा दाखविला, आणि ११ जानेवारी १९५४ रोजीं जॉर्ज कौलिंग हा हवामानखात्याचा मनुष्य स्वतः पडद्यावर उभा राहून नकाशा समजावूं लागला. अमेरिकेंत स्थानिक दूरचित्रवाणी-केंद्रें फार. त्यांपैकीं नॉर्थ कॅरोलायना संस्थानांतील रॅली शहराच्या डब्ल्यू-आर-ए-एल या केंद्रानें १९९६ सालीं उच्च स्पष्टतेचें प्रक्षेपण प्रथम सुरू केलें व २००० सालीं तेथील वार्तापत्रही त्या प्रतीचें झालें. तेथें केंद्र व त्याचें हवामानवृत्त एका शहराभोंवतालच्या प्रदेशापुरतें असतें, ही गोष्ट ध्यानांत धरण्यासारखी आहे. आमच्याकडे पुण्यास १९३२ सालीं कृषि-हवामानशाखा निघाली व १९४५ सालापासून आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठीं हवामानवृत्त देण्यास आरंभ झाला. मुंबई दूरदर्शन १९७२ च्या ऑक्टोबरांत सुरू झालें आणि 'आमची माती, आमची माणसं' हा त्यावरील कार्यक्रम पुष्कळांच्या परिचयाचा आहे. १९७५-७६ सालीं अमेरिकन उपग्रहाच्या साह्यानें सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी नेण्याचा जो प्रयोग झाला, त्यांत शेजारच्या मध्यप्रदेशाचीं व आंध्राचीं गांवें होतीं, महाराष्ट्र नव्हता. २६ मे २०१५ रोजीं दूरदर्शनची किसान वाहिनी निघाली. २०२४ सालापासून तीवर संगणकानें घडविलेले दोन कृत्रिम निवेदक बोलूं लागले आहेत. आम्हांस स्वतःला निवेदक हाडामांसाचा आहे कीं नाहीं याचें विशेष सुखदुःख नाहीं; तो कोणत्या गांवाविषयीं बोलतो, हें आम्ही पाहतों.

आणि तेथेंच अडचण आहे. दूरचित्रवाणीवर बहुधा 'विदर्भ' या एका नांवानें अकरा जिल्ह्यांचा निकाल लावण्यांत येतो. बुलढाणा व गडचिरोली यांच्यामध्यें जवळ जवळ चारशें किलोमीटरांचें अंतर. तेथें कपाशी व सोयाबीन, येथें धान. तेथील वार्षिक पाऊस येथील निम्म्याच्या आसपास. खुद्द चंद्रपूर जिल्ह्यांतही वरोरा, कोरपना, राजुरा या बाजूची काळी जमीन कापसाची, आणि ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल या बाजूस बांध्या, बोड्या व मामा तलाव. एकाच दिवशीं पश्चिमेकडील शेतकऱ्यास उघाड हवी असते व पूर्वेकडील शेतकऱ्यास झड. दोघांनाही 'विदर्भांत कांहीं ठिकाणीं पाऊस' हें एकच वाक्य ऐकविलें जातें.

या वाक्यांतील शब्दांचा अर्थही फार थोड्यांस ठाऊक असतो, म्हणून तो येथें देतों. हवामानखात्याच्या भाषेंत 'तुरळक ठिकाणीं' म्हणजे त्या विभागांतील पर्जन्यमापक केंद्रांपैकीं शेंकडा पंचवीस किंवा त्याहून कमी ठिकाणीं. 'कांहीं ठिकाणीं' म्हणजे शेंकडा सव्वीस ते पन्नास. 'अनेक ठिकाणीं' म्हणजे एकावन्न ते पंचाहत्तर. त्यापुढें 'बहुतेक ठिकाणीं'. हे शब्द पावसाच्या जोराविषयीं नाहींत, त्याच्या पसाऱ्याविषयीं आहेत. जोराचे शब्द निराळे: चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस झाल्यास तो 'मुसळधार', ११५.६ पासून २०४.४ पर्यंत 'अति मुसळधार', त्याहून अधिक म्हणजे अतिवृष्टीचा अगदीं शेवटचा टप्पा. ६४.५ मिलिमीटर हा आंकडा ऐकावयास लहान वाटतो. पण तेवढा पाऊस एका एकरावर पडला म्हणजे सुमारें २ लक्ष ६१ हजार लिटर पाणी झालें. ज्याची बांधी आधींच कांठोकांठ भरली आहे, त्यानें तें पाणी कोणत्या पाटानें काढावयाचें हें आदल्या दिवशीं ठरविलें पाहिजे. नाहीं तर पार फुटते व खालच्या बांधींतील नवी रोवणीही तिजबरोबर जाते. 'तुरळक ठिकाणीं मुसळधार' हें भाकित दहा वेळां ऐकून नऊ वेळां आपल्या गांवीं कांहीं न झाल्यास तें खोटें ठरलें असें नव्हे. तें आपल्या गांवापुरतें केलेलेंच नव्हतें. पण शेतकऱ्याचा विश्वास मात्र उडतो, आणि दहाव्या वेळीं तो बेसावध असतो.

आपल्या पट्टींत भाकिताची गरज वर्षभर सारखी नसते. ती कांहीं ठराविक दिवसांवर येऊन ठेपते. पहिली वेळ पऱ्हे टाकण्याची. आरंभींच्या पावसावर भुलून पऱ्हे टाकले व पुढें पंधरवड्याची ओढ लागली, तर बियाणें व मजुरी दोन्ही वायां जातात. आवत्या करणारांस तर दुसरी संधि क्वचितच मिळते. दुसरी वेळ रोवणीची. पऱ्हे तीन-साडेतीन आठवड्यांचे झाले कीं रोवणी व्हावी. त्यापुढें ते जून होत जातात व फुटवे कमी धरतात. चिखलणीस पुरेल इतकें पाणी बांधींत येत्या पांच दिवसांत सांचणार कीं बोडीचें पाणी सोडावयाचें, हा निर्णय त्या आठवड्यांत घ्यावा लागतो. आणि ज्यास बोडी नाहीं त्यास इंजिनाच्या भाड्याचा विचार करावा लागतो. त्यानंतर युरियाचा हप्ता व फवारण्या. करपा किंवा तुडतुडे दिसले म्हणून औषध मारावें व दोन तासांत सर आली, तर औषध धुऊन जाऊन नाल्यांत उतरतें.

या सर्वांहून बिकट वेळ कापणीची. हलका धान ऑक्टोबरांत कापावयास येतो, भारी नोव्हेंबरांत. कापलेल्या धानाच्या कडपा दोन-चार दिवस शेतांतच वाळत पडतात, मग भारे बांधून पुंजणे रचतात. त्या दोन-चार दिवसांत बंगालच्या उपसागरांतील एखादा कमी दाबाचा पट्टा इकडे सरकला, तर कडपा पाण्यांत बुडतात, लोंब्यांस कोंब फुटतात, आणि वर्षाचें उत्पन्न व्यापाऱ्याच्या तोंडून 'पाखड' ठरतें. अशा वेळीं 'विदर्भांत तुरळक पाऊस' या शब्दांवर कोणी कापणी थांबवावी काय? मजूर ठरलेले असतात, शेजारच्याची कापणी झालेली असते, मोकाट गुरें शेतांत शिरण्याची भीति असते. पांच दिवस कोरडे जातील कीं नाहीं, एवढेंच त्याला आपल्या तालुक्यापुरतें, ठसठशीत शब्दांत हवें असतें. उन्हाळ्यांत तेंदूच्या फळीवर पुडे वाळत घालणाऱ्या ग्रामसभांचीही हीच गोष्ट. एक वळिवाची सर सबंध हंगामाची मजुरी काळी करून टाकते.

आतां असें भाकित मुळींच निघत नाहीं काय? निघतें. १ जून २००८ पासून हवामानखातें जिल्हानिहाय पांच दिवसांचें भाकित देत आलें आहे, आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाच्या सिंदेवाही येथील विभागीय संशोधन केंद्रांतून मंगळवारीं व शुक्रवारीं त्यास जोडून पिकांचा सल्ला तयार होतो. हें केंद्र आपल्याच मुलखांत, धानाच्या शेतांत बसलेलें असल्यामुळें त्याचा सल्ला वाचण्यासारखा असतो. २०१८ पासून देशांतील १९९ जिल्ह्यांत जिल्हा कृषि-हवामान केंद्रें काढण्यांत आलीं. गडचिरोलीचें केंद्र तेथील कृषि विज्ञान केंद्रांत होतें व तालुक्यापर्यंतचा सल्ला देणें हें त्याचें काम होतें. २०२४ च्या आरंभीं हीं सर्व केंद्रें बंद करण्यांत आलीं. भाकित यंत्रानें काढतां येतें. पण 'उद्यां पाऊस आहे, तर कडपा आज उचला' हें वाक्य लिहावयास स्थानिक शेतीची माहिती असलेला मनुष्य लागतो, आणि तोच या व्यवस्थेंतून गेला. मागणी करावयाची असल्यास मंडळानें प्रथम ही करावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. त्याच वर्षीं, २४ ऑक्टोबर २०२४ रोजीं, ग्रामपंचायतनिहाय भाकिताची योजना सुरू झाली. ती स्तुत्य आहे. मात्र गणिताचा चौकोन सहा किंवा बारा किलोमीटरांचा असतां शेजारशेजारच्या दोन-तीन पंचायतींस एकच आंकडा मिळणार, हें विसरूं नये. पंचायतीचें नांव वर छापलें म्हणून तें मोजमाप पंचायतीच्या शिवारांत झालें असें होत नाहीं.

हें सर्व भाकित आज मुख्यतः मोबाइलवर मिळतें. दूरचित्रवाणीवर तें आणावयाचें कसें? याबाबत जपानचें उदाहरण फार बोधप्रद आहे. त्या देशांत १९६० नंतरच्या दशकापासून उच्च स्पष्टतेच्या चित्रावर संशोधन चालू होतें, आणि २००३ च्या डिसेंबरांत तेथें जमिनीवरील अंकीय प्रक्षेपण सुरू झालें. पण शेतकऱ्याच्या दृष्टीनें त्यांतील मोलाची गोष्ट चित्राची चमक नव्हे. अंकीय प्रक्षेपणांत चित्राबरोबर आंकडेही पाठवितां येतात. तेथील प्रेक्षक संच घेतांना आपल्या पत्त्याचा टपाल-क्रमांक त्यांत एकदां भरून ठेवतो. मग केव्हांही एक बटण दाबलें कीं, चालू कार्यक्रम चालत असतांच, त्याच्या गांवचें हवामान व आपत्तीच्या सूचना पडद्यावर अक्षरांत येतात. निवेदक सबंध देशास उद्देशून बोलत असतो, परंतु संच मात्र एका गांवाचा झालेला असतो. आपल्या मोफत डिशच्या डब्यांत अशी सोय करणें अशक्य आहे असें आम्हांस वाटत नाहीं. दूरदर्शनकडे एच-डी वाहिनी मागण्यापेक्षां ही सोय मागावी. तिला साधें चित्रही पुरेल.

आतां आमच्या रानांतील अडचणी. डिशवर येणाऱ्या लहरींची लांबी सुमारें अडीच सेंटिमीटर असते, आणि जोराच्या पावसाचे थेंब त्या लहरी शोषून घेतात व विखरून टाकतात. म्हणून ऐन मुसळधार पावसांत चित्र गोठतें किंवा पडदा निळा होतो. हा संचाचा दोष नव्हे, सृष्टीचा नियम आहे; आणि चित्र जितकें भरीव तितकी त्यास चांगली लहर लागते. भरीस भर म्हणून वादळांत वीज जाते. पूर्वीं जमिनीवरील दूरदर्शनच्या मनोऱ्यांवरून साध्या अँटेनानें चित्र मिळे. देशांतील बहुतेक तसे मनोरे २०२२ च्या मार्चपर्यंत बंद झाले. एफ.एम. आकाशवाणीच्या लहरी सुमारें तीन मीटर लांब असतात. त्यांना पाऊस अडवीत नाहीं, आणि पेटीवरचा रेडिओ विजेवांचून चालतो. चंद्रपुरास आकाशवाणीचें केंद्र आहे. पुराच्या रात्रीं आमचा भरंवसा दूरचित्रवाणीपेक्षां रेडिओवर अधिक आहे, हें सांगावयास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

पुराची गोष्ट निघाली म्हणून आणखी एक मुद्दा. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेस जो महापूर आला, त्याचें पाणी मुख्यतः मध्यप्रदेशांत पडलेलें होतें; गोसीखुर्दचे दरवाजे उघडले व ब्रह्मपुरी, देसाईगंज, गडचिरोली या बाजूचीं गांवें पाण्यांत गेलीं. २०२२ च्या जुलैंत गोदावरी कोपली, तेव्हां खालीं भद्राचलमपाशीं पाणी ७१ फुटांच्या वर गेलें व सिरोंचा तालुक्यांतील लोकांस घरें सोडावीं लागलीं. नदीकांठच्या शेतकऱ्यास आपल्या गांवच्या आभाळाचें भाकित कितीही बारीक मिळालें, तरी अशा वेळीं त्याचा उपयोग नाहीं. त्यास वरच्या खोऱ्यांतील पाऊस व धरणाचे विसर्ग यांचा नकाशा हवा. हें काम मात्र दूरचित्रवाणी उत्तम करूं शकेल. नदीची निळी रेघ, तीवरील धरण, आणि पाणी कोणत्या गांवीं किती तासांनीं पोंचेल तो आंकडा, एवढें पडद्यावर दिसलें तर न शिकलेल्या मनुष्यासही तें समजतें.

न शिकलेल्याचा विषय निघाला, तर भाषेचाही विचार केला पाहिजे. भामरागड-एटापल्लीकडे माडिया, धानोरा-कोरचीकडे गोंडी व छत्तीसगढी, सिरोंच्यास तेलुगु, मुलचेरा-चामोर्शीकडील कांहीं गांवांत बंगाली. 'आर्द्रता' व 'कमाल तापमान' हे शब्द आमच्या मराठी वाचकांसही जड पडतात. मग इतरांची काय कथा! विजेच्या इशाऱ्याच्या बाबतींत तर हा प्रश्न जिवाचा आहे. रोवणीच्या दिवसांत बायामाणसें उघड्या बांधींत पाण्यांत उभीं असतात. पुण्याच्याच संस्थेचें 'दामिनी' हें साधन मोबाइलवर जवळपासच्या विजेची सूचना देतें. पण ती सूचना वाचून बांधीवर ओरडून सांगणारा कोणी तरी हवा, आणि तो त्यांच्याच बोलींत ओरडला पाहिजे.

शेवटीं आपल्या हातांतील एक काम. २०१७ सालापासून 'महावेध' योजनेखालीं राज्यांतील महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रें उभीं राहिलीं आहेत. परंतु आपल्याकडील एक एक मंडळ जंगलासुद्धां एवढें विस्तीर्ण असतें कीं, केंद्रावर पाऊस व पलीकडच्या टोल्यावर ऊन, असें नेहमीं घडतें. नागभीड तालुक्यांतील नांदेड गांवचे कै. दादाजी खोब्रागडे यांनीं आपल्या धानांतील निराळ्या रंगाच्या लोंब्या नजरेनें हेरून एच-एम-टी हें वाण उभें केलें. त्यांच्यापाशीं प्रयोगशाळा नव्हती, वही व चिकाटी होती. तेवढीच सामग्री पाऊस मोजण्यास पुरे. सरळ उभ्या भिंतीचें, सपाट बुडाचें कोणतेंही भांडें उघड्या जागीं, झाड किंवा घर यांच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर, शिंतोडे उडणार नाहींत इतक्या उंचीवर ठेवावें. भांड्याचें तोंड लहान असो वा मोठें, भिंती सरळ असल्यास आंतील पाण्याची खोली मिलिमीटरांत मोजली म्हणजे तोच पाऊस. हवामानखातें सकाळीं साडेआठ वाजतां मोजतें, म्हणून आपणही त्याच वेळीं मोजावें, नाहीं तर दोन्ही आंकडे ताडून पाहतां येत नाहींत. वहींत तीन रकाने करावे: तारीख, मोजलेला पाऊस, आणि आदल्या मंगळवारीं किंवा शुक्रवारीं त्या दिवसासाठीं सांगितलेलें भाकित. पाऊस न पडल्यास रकाना कोरा न सोडतां शून्य लिहावें. १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंतच्या अशा वह्या सभासदांनीं डिसेंबरांत मंडळाकडे पाठवाव्या. त्यांतील आंकडे तालुकावार मांडून ते आम्ही सिंदेवाहीच्या केंद्राकडे व दूरदर्शनकडे आपल्या मागणीबरोबर जोडूं.